तळावरचे एक वर्ष : श्रीहरिकोटा, 2023

श्रीहरिकोट्याचा इतिहास आजवर बहुधा उड्डाणांची यादी म्हणूनच लिहिला गेला. तारीख, प्रक्षेपकाचे नाव, उपग्रहाचे वजन, यश की अपयश, झाली नोंद. यादी खोटी नाही, पण अपुरी आहे. 2023 साली या बेटावरून आठ उड्डाणे झाली आणि ती सगळी मिळून मोजली तरी कारखान्याच्या एका पाळीत आटोपतील, एवढाच त्यांचा वेळ. वर्षाचे बाकीचे तास जमिनीवर गेले : ओतकामात, जोडणीत, इंधन भरण्यात, वारा मोजण्यात आणि पुष्कळसे वाट पाहण्यात. जानेवारी 2025 मध्ये इथल्या प्रक्षेपण केंद्राने शंभरावे उड्डाण केले. त्या निमित्ताने शंभर उड्डाणांची जंत्री देण्याऐवजी इथे एकच वर्ष जरा जवळून पाहिले आहे.

आधी जागेबद्दल. चेन्नईहून कोलकात्याच्या महामार्गाने उत्तरेकडे निघाले की सुल्लुरपेटा लागते. तिथून उजवीकडे वळणारा रस्ता पुलिकत सरोवराच्या पाण्यातून जातो. दोन्ही हातांना खारे पाणी, उन्हाळ्यात ते आटले की भेगाळलेला चिखल, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे. सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्या मधले, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपासचे बेट म्हणजे श्रीहरिकोटा. पूर्वी ते नेल्लोर जिल्ह्यात होते, एप्रिल 2022 पासून नव्या तिरुपती जिल्ह्यात आहे.

ही जागा हेरणारा माणूस कोल्हापूरचा, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. 1968 मध्ये विक्रम साराभाईंनी पूर्व किनाऱ्यावर प्रक्षेपणासाठी जागा शोधण्याचे काम एकनाथ वसंत चिटणीस यांच्यावर सोपवले. थुंब्याच्या आधीच्या तळाची निवड करतानाही चिटणीस होतेच. पण थुंबा पश्चिम किनाऱ्यावर. तिथून पूर्वेला अग्निबाण सोडायचा तर तो केरळ आणि तमिळनाडूच्या डोक्यावरून जाणार. उपग्रह कक्षेत नेताना पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा हवा असेल तर दिशा पूर्वच लागते. त्या अक्षांशावर हा फायदा सेकंदाला साडेचारशे मीटरच्या घरात जातो. तेव्हा समोर मोकळा समुद्र असलेला पूर्व किनाराच हवा होता. चिटणीसांनी आंध्र सरकारचे तेव्हाचे उद्योग संचालक अबिद हुसेन यांच्याकडून नकाशे मिळवले आणि शोध या बेटावर येऊन थांबला. 1969 मध्ये जागा पक्की झाली.

बेट तेव्हा मोकळेच होते असे लिहिण्याचा शिरस्ता आहे. तो बरोबर नाही. तिथे यानादी जमातीची माणसे राहत होती, जंगलावर आणि मासेमारीवर जगत होती. मद्रासला सरपण पुरवणारी लागवडही बेटावर होती. केंद्र उभे राहिले तेव्हा यानाद्यांना वस्त्या सोडाव्या लागल्या. पुढे त्यांच्यापैकी काहींना केंद्राच्याच कामावर घेतले गेले. इस्रोचे अध्यक्ष राहिलेल्या सतीश धवन यांना या माणसांबद्दल आणि बेटावरच्या झाडापाखरांबद्दल आस्था होती. विमानविद्येच्या या प्राध्यापकाने पक्ष्यांच्या उड्डाणावर एक पुस्तिकाही लिहिली आहे. 2002 च्या जानेवारीत ते गेले आणि त्याच वर्षी 5 सप्टेंबरला केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

मधली वर्षे भरभर सांगून टाकतो, कारण ती इतरत्र पुष्कळ लिहिली गेली आहेत. 9 ऑक्टोबर 1971 रोजी ‘रोहिणी-125’ हा छोटा अग्निबाण उडाला आणि केंद्र सुरू झाले. 10 ऑगस्ट 1979 रोजी एसएलव्ही-3 समुद्रात पडला. पुढल्या वर्षी 18 जुलैला त्याच जातीच्या प्रक्षेपकाने 35 किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. 1993 च्या सप्टेंबरात पहिल्या तळावरून पीएसएलव्ही निघाला, तोही पहिल्या फेरीत अपयशी. दुसरा तळ 5 मे 2005 च्या उड्डाणाने कामाला लागला. नवे मोहीम नियंत्रण केंद्र 2012 च्या जानेवारीत तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सुरू झाले.

आता 2023 कडे. त्याआधीची तीन वर्षे आठवली तरच या वर्षाचे वजन कळते. 2020 मध्ये कक्षेकडे दोन उड्डाणे, 2021 मध्ये दोनच, त्यातले ऑगस्टमधले जीएसएलव्ही-एफ10 क्रायोजेनिक टप्प्यातल्या दोषाने वाया गेले. 2022 मध्ये गाडी रुळावर आली आणि पाच उड्डाणे झाली. पण नवा कोरा एसएसएलव्ही पहिल्याच फेरीत फसला. त्यानंतर एका वर्षात आठ, आणि आठही यशस्वी. यात नशिबाचा भाग किती हा वाद घालता येईल. माझे मत असे की हे वर्ष बरेचसे जमिनीवर मिळवलेले होते.

त्या जमिनीवरच्या कामातले सर्वांत जड आणि सर्वांत कमी लिहिले गेलेले काम म्हणजे घन इंधनाचे. पुष्कळांना वाटते की प्रक्षेपक दुसरीकडे तयार होऊन येतो आणि श्रीहरिकोट्यात फक्त उडतो. वास्तविक बेटावर एक मोठा कारखाना आहे. त्याचा पहिला भाग 1977 पासून चालू आहे. एलव्हीएम-3 या प्रक्षेपकाच्या दोन्ही बाजूंना जे पांढरे धिप्पाड बूस्टर दिसतात, त्यांच्या प्रत्येकात सुमारे 205 टन इंधन असते आणि ते इथेच ओतले जाते. कवच बाहेरून येते : काही वालचंदनगरहून, काही पवईहून. इंदापूर तालुक्यातून निघालेली 3.2 मीटर व्यासाची पोलादी नळकांडी ट्रेलरवर लादून रस्त्याने बंगालच्या उपसागरापर्यंत जातात, हा प्रवासही कोणी लिहून ठेवायला हवा. मधल्या द्रव टप्प्याच्या विकास इंजिनांपैकी बरीच विक्रोळीची असतात.

कवच आले की आत उष्णतारोधक अस्तर लागते आणि मग मिश्रणाची पाळी. अमोनियम परक्लोरेट हे दिसायला मिठासारखे. त्याचे काही दाणे बारीक दळलेले, काही भरड ठेवलेले. त्यात ॲल्युमिनियमची भुकटी आणि सगळ्याला बांधून ठेवणारे रबरासारखे एचटीपीबी. हा गोळा मोठ्या उभ्या मिक्सरमध्ये मळला जातो, तो दूरच्या नियंत्रण खोलीतून. मिक्सर चालू असताना जवळ कोणी नसते. हवेतला दमट अंश ठरलेल्या मर्यादेत ठेवावा लागतो, आणि हे समुद्राकाठच्या बेटावर. स्थिर विजेची एक ठिणगीसुद्धा नको म्हणून कपडे सुती, पादत्राणे वेगळी. मिश्रण निर्वातात कवचात ओतायचे, मधोमध साचा धरून ठेवायचा, दिवसेंदिवस ऊब देऊन ते घट्ट होऊ द्यायचे आणि मग साचा बाहेर ओढायचा. आत कुठे पोकळी, भेग किंवा अस्तरापासून सुटलेला पापुद्रा राहिला आहे का, हे क्ष-किरणांनी तपासायचे. द्रव इंजिन बंद करता येते; हे एकदा पेटले की विझवता येत नाही. म्हणून सगळी काळजी आधीच घ्यावी लागते.

या विद्येचा पाया ज्यांनी घातला त्यांत वसंत गोवारीकरांचे नाव पहिल्या ओळीत आहे. आणि या कामाची किंमत केंद्राने मोजली आहे. 23 फेब्रुवारी 2004 रोजी घन इंधनाच्या विभागात आग लागून सहा जणांचा जीव गेला. उड्डाणांच्या यादीत ही तारीख नसते. केंद्राच्या इतिहासात ती असलीच पाहिजे.

वर्षाची सुरुवात 10 फेब्रुवारीला एसएसएलव्ही-डी2 ने झाली. हे आधीच्या ऑगस्टमधल्या चुकीचे उत्तर होते. तेव्हा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने वेगवृद्धी मोजणारी उपकरणे भांबावली, संगणकाने ती निकामी धरली आणि उपग्रह चुकीच्या कक्षेत सोडले गेले. सहा महिन्यांत दुरुस्ती झाली आणि 156 किलोचा ईओएस-07 सुमारे 450 किलोमीटरच्या कक्षेत नीट बसला. सोबत शाळकरी मुलींनी मिळून केलेला ‘आझादीसॅट-2’ होता. 26 मार्चला एलव्हीएम-3 ने वनवेब कंपनीचे 36 उपग्रह नेले, एकूण वजन 5,805 किलो. हे पैसे मिळवून देणारे काम. त्यात नाट्य कमी होते आणि ते कमी असणे हीच त्याची शोभा.

22 एप्रिलला मात्र जरा थांबले पाहिजे, कारण त्या दिवशी खरी बातमी आकाशात नव्हती. पीएसएलव्ही-सी55 ने सिंगापूरचा 741 किलोचा टेलिओस-2 नेला, वर्तमानपत्रांनी तेवढे छापले. जमिनीवर काय बदलले होते? पहिल्या तळाची मूळ रचना अशी की पीएसएलव्ही तळावरच उभा करायचा. एकावर एक टप्पे तिथेच चढवायचे, भोवती चाकांवरचा उंच जोडणी-मनोरा, आणि उड्डाणाआधी तो मागे सरकवायचा. पद्धत भरवशाची, पण तोटा उघड आहे. जोडणी चालू असेपर्यंत तळ अडकलेला. एक प्रक्षेपक उभा असताना दुसऱ्याला जागा नाही. दुसऱ्या तळाची बांधणी करताना हे ध्यानात घेऊन जोडणी वेगळ्या इमारतीत ठेवली होती. तिथून अख्खा प्रक्षेपक रुळांवरून तळापर्यंत येतो. पहिल्या तळासाठी तशी सोय व्हायला 2023 उजाडले. नव्या जोडणी-इमारतीत पीएसएलव्हीचे खालचे दोन टप्पे उभे करायचे आणि ते फिरत्या चौथऱ्यावरून तळावर आणायचे. वरचे टप्पे आणि उपग्रह मनोऱ्यात चढवायचे. सी55 हे या पद्धतीने उभे राहिलेले पहिले उड्डाण.

लग्नाचे कार्यालय मोकळे होण्याची वाट पाहत बसणाऱ्याला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. प्रक्षेपण केंद्राची ताकद लोक प्रक्षेपकाच्या उंचीवर जोखतात. ती खरे तर तळ किती लवकर रिकामा होतो यावर जोखावी. 2023 मधली आठ उड्डाणे दोन्ही तळांवर चार-चार अशी समसमान वाटली गेली, ही गोष्ट मला कुठल्याही विक्रमापेक्षा बोलकी वाटते.

29 मेला जीएसएलव्ही-एफ12 ने 2,232 किलोचा एनव्हीएस-01 नेला. या उपग्रहात स्वदेशी रुबिडियम अणुघड्याळ होते. दुसऱ्या तळावरची पुढची पाळी चांद्रयानाची.

चांद्रयान-3 बद्दल आता काय नवे सांगायचे असे वाटते, पण तळाच्या बाजूने ती गोष्ट क्वचितच सांगितली जाते. 2019 मध्ये चांद्रयान-2 चे पहिले उड्डाण 56 मिनिटे आधी थांबवावे लागले होते, हेलियमच्या गळतीमुळे. त्या रात्रीची आठवण केंद्रात सगळ्यांना होती. या वेळी जुलैच्या पहिल्या आठवड्यात यान प्रक्षेपकाच्या माथ्यावर बसवले गेले आणि 43.5 मीटर उंचीचा, 640 टनांचा तो डोलारा दुसऱ्या तळावर आला. मग उलटगणतीची संपूर्ण रंगीत तालीम. खरी उलटगणती 13 जुलैच्या दुपारी 1 वाजून 5 मिनिटांनी सुरू झाली, साडेपंचवीस तासांची.

या साडेपंचवीस तासांत बाहेरून पाहणाऱ्याला काहीच होताना दिसत नाही. आत एकेक टाकी भरत असते. आधी मधल्या टप्प्याचे द्रव इंधन, शेवटच्या तासांत वरच्या क्रायोजेनिक टप्प्याचे. द्रव ऑक्सिजन उणे 183 अंशांवर आणि द्रव हायड्रोजन उणे 253 अंशांवर. हायड्रोजन उडून जात राहतो, म्हणून तो भरत राहावा लागतो. दुसरीकडे हवामान विभाग ठरावीक अंतराने फुगे सोडून वरच्या थरांतला वारा मोजतो आणि त्याप्रमाणे प्रक्षेपकाच्या संगणकातला मार्ग दुरुस्त केला जातो. मच्छीमारांना समुद्राचा ठरलेला पट्टा सोडायला सांगितलेले असते, विमानांना आकाशाचा. अवकाशातल्या कचऱ्याचाही हिशेब असतो : त्या दिवशी उड्डाण ठरलेल्या क्षणापेक्षा 4 सेकंद उशिरा करण्यात आले, कारण वाटेत आधीपासून फिरणाऱ्या एका वस्तूशी गाठ पडण्याचा धोका होता. चंद्राकडे निघालेल्या यानाला चार सेकंद थांबवून ठेवणारी माणसे टीव्हीवर दिसत नाहीत.

14 जुलैला दुपारी 2 वाजून 35 मिनिटांनी प्रक्षेपक निघाला आणि सोळा मिनिटांच्या सुमारास यान वेगळे झाले. श्रीहरिकोट्याचे काम तिथे संपले. 23 ऑगस्टला यान चंद्रावर उतरले आणि देश फटाके वाजवत होता, तेव्हा दुसऱ्या तळावर आदित्य-एल1 या सौरयानाची तयारी चालली होती.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला एक शंका येईल : ऐन जुलैत, भर पावसाळ्यात उड्डाण कसे? श्रीहरिकोट्याचा पावसाळा आपला नव्हे. तिथे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. आपल्याकडे छत्र्या उघडल्या असताना तिकडे ऊन असते, आणि आपली दिवाळी झाली की तिकडे चक्रीवादळांच्या इशाऱ्यांवर नजर.

चांद्रयानानंतर 16 दिवसांनी, 30 जुलैला, पहिल्या तळावरून सी56 ने सिंगापूरचे सात उपग्रह नेले. कामगिरी झाल्यावर या प्रक्षेपकाचा चौथा टप्पा मुद्दाम खाली, सुमारे 300 किलोमीटरवर आणून ठेवला, म्हणजे तो लवकर वातावरणात शिरून नष्ट व्हावा. अवकाशात आपला कचरा आपणच आवरायची ही सवय लागते आहे, हे चांगले. 2 सप्टेंबरला आदित्य-एल1 गेले. त्या पीएसएलव्हीला यान सोडायला तासाहून अधिक वेळ लागला. उलटगणतीचा आवाज म्हणून ज्यांना देश ओळखत होता त्या वलरमती यांचे त्याच सुमारास निधन झाले. आवाज ओळखीचा, चेहरा बहुतेकांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

वर्षातला सर्वांत छोटा आणि माझ्या मते सर्वांत शिकवून जाणारा प्रयोग 21 ऑक्टोबरचा. गगनयानातल्या माणसांना संकटात प्रक्षेपकापासून दूर ओढून नेणारी यंत्रणा चालते का, हे पाहायचे होते. त्यासाठी एकाच द्रव टप्प्याचे चाचणी-यान बांधले होते, 35 मीटरच्या आसपास उंच. वेळ सकाळी 8 ची. हवामानामुळे ती पावणेनऊपर्यंत लांबली. गणती उतरत आली, शेवटचे पाच सेकंद उरले आणि घड्याळ थांबले. इंजिनाचे प्रज्वलन अपेक्षेप्रमाणे नाही, असे समजून जमिनीवरच्या संगणकाने आपणहून उड्डाण रोखले होते. माणसाचे बोट बटणापर्यंत जाण्याआधी.

इंधन भरलेले, सगळा देश थेट प्रक्षेपण पाहतो आहे, आणि यान जागच्या जागी उभे. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी पडद्यावर येऊन काय झाले ते सरळ सांगितले. मग दोष शोधला गेला, तो निगराणीतल्या एका विसंगतीचा निघाला, गणती पुन्हा बसवली गेली आणि बरोबर 10 वाजता यान उडाले. बाराएक किलोमीटर उंचीवर, ध्वनीहून अधिक वेगात असताना बचाव यंत्रणेने माणसे बसण्यासाठीची कुपी खेचून वेगळी केली, छत्र्या उघडल्या आणि कुपी किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर समुद्रात उतरली. ती पाण्यात उलटी झाली होती. नौदलाने ती तशीच बाहेर काढली. सव्वा तासाच्या त्या खोळंब्याला काही वाहिन्यांनी ‘नामुष्की’ म्हटले. माणसे बसवायच्या यानाबद्दल बोलताना पाच सेकंद आधी थांबता येणे याला नामुष्की म्हणणे हे अडाणीपणाचे आहे.

त्यानंतर पावसाळा लागला. डिसेंबरच्या सुरुवातीला ‘मिचाँग’ चक्रीवादळ याच किनाऱ्याला घासून गेले आणि 5 तारखेला वर बापटलाजवळ जमिनीवर आले. पहिल्या तळावरचा पुढचा प्रक्षेपक 2024 च्या पहिल्याच सकाळी, 1 जानेवारीला, एक्सपोसॅट उपग्रह घेऊन निघाला. सुट्टीचा विषय निघालाच आहे तर, 2023 च्या आठ उड्डाणांपैकी पाच शनिवारी किंवा रविवारी झाली होती. ग्रहगणिताला आठवडा कळत नाही.

पुढचा हिशेब थोडक्यात. 29 जानेवारी 2025 च्या पहाटे जीएसएलव्ही-एफ15 ने शंभरावे उड्डाण केले. प्रक्षेपकाने आपले काम चोख केले; उपग्रहाच्या स्वतःच्या इंजिनाची झडप न उघडल्याने तो अंतिम कक्षेत मात्र पोचू शकला नाही. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्या तळाला मंजुरी दिली : 3,984.86 कोटी रुपये, मुदत 48 महिने. छोट्या प्रक्षेपकांसाठी तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणम इथे वेगळे केंद्र उभे राहते आहे. त्याची पायाभरणी 28 फेब्रुवारी 2024 रोजी झाली.

शेवटी एक विनंती. या केंद्राच्या कामाला ज्यांचे हात लागले त्यांतले बरेच आपल्या आसपास आहेत : वालचंदनगरला कवचे वळणारे, विक्रोळीला इंजिने जोडणारे, पवईला वेल्डिंग तपासणारे, ट्रेलरबरोबर गेलेले, बेटावर नोकरी करून आता पुण्या-कोल्हापुरात निवृत्त झालेले. गोपनीय काही नको. पण कामाचा दिवस कसा जाई, वसाहतीत कसे राहत, पहिले उड्डाण कुठून पाहिले, एवढे जरी त्यांनी दोन पानांत लिहून ठेवले, सोबत जुनी छायाचित्रे जपली आणि नावे-तारखा मागे नोंदवल्या, तरी केंद्राच्या पुढल्या इतिहासाला यादीच्या पलीकडे जाता येईल. आपल्या घरात किंवा शेजारी असे कोणी असेल तर त्यांना लिहिते करा.